मूळ आणि मोल

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला जे प्रश्न आयुष्यभर विचारले जातात, त्यांत ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न अग्रभागी असतो. नव्या ठिकाणी रुजू झाल्याच्या दिवशी कचेरीतली मंडळी तो विचारतात, घरमालक विचारतो. आणि गावातले महाराष्ट्र मंडळ शोधून काढून आपण तिथे गेलो, की तिथेही तो आपली वाट पाहत असतो. कचेरीचे आणि घरमालकाचे समाधान ‘महाराष्ट्र’ एवढ्या उत्तराने होते. मंडळात मात्र तेवढ्याने भागत नाही. तिथे जिल्हा सांगावा लागतो, गाव सांगावे लागते, आडनाव सांगावे लागते. आणि एवढे सांगूनही समोरच्याचे समाधान झाले नाही, तर ‘तसे नव्हे हो, पण मूळचे?’ असा आणखी एक प्रश्न येतो. या शेवटच्या प्रश्नात भूगोलाची जिज्ञासा नसते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि उत्तर देणाऱ्यालाही.

हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात नव्याने बदलून आलेला एक तरुण अधिकारी आला होता. त्याने आपले व वडिलांचे नाव सांगितले. आडनाव सांगितले नाही. मी जिल्हा विचारला, त्याने सांगितला. मी गाव विचारले, त्याने तेही सांगितले. मग मी तो शेवटचा प्रश्न विचारला. तो किंचित हसला, ‘तिथलाच, साहेब,’ एवढेच म्हणाला, प्रसाद घेऊन गेला, आणि पुढे मंडळात पुन्हा दिसला नाही. माझ्या तोंडून एकही वावगा शब्द गेला नव्हता. पण मी काय विचारले होते, ते आम्हा दोघांनाही नीट समजले होते.

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ असे आपले वाडवडील सांगून गेले आहेत. हे वचन मला तेव्हा आठवायला हवे होते. आठवले ते नंतर. परंतु नंतर आठवलेल्या गोष्टीचा माणूस अधिक विचार करतो. तो करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या एका वचनाचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांशी पटणारे नाहीत. पहिला अर्थ असा, की नदीची थोरवी तिच्या पाण्यात आहे आणि ऋषीची त्याच्या तपात. मूळ कोठले का असेना, त्याने काय बिघडते? दुसरा अर्थ असा, की शोधू गेल्यास काहीतरी अडचणीचे हाती लागेल, तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच राहू द्यावी. पहिल्यात औदार्य आहे. दुसऱ्यात भय आहे. आणि आपण हे वचन उच्चारतो तेव्हा यांपैकी काय आपल्या मनात असते, हे आपले आपल्यालाही सांगता येत नाही.

या कोड्यावर प्रकाश पडला तो अगदी अनपेक्षित दिशेने. धातूचे मूळ शोधण्याचे एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राने २०२३ साली एका नामांकित कलासंग्रहाचे मूळ शोधून काढले. ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून पुढचा विचार कळणार नाही. म्हणून वाचकांनी क्षणभर माझ्याबरोबर भूगर्भात उतरावे, अशी विनंती आहे.

ज्याला आपण शिसे म्हणतो, तो धातू वस्तुतः चार भावंडांचे एकत्र कुटुंब आहे. चौघांचे रासायनिक गुणधर्म एकच. भेद केवळ भाराचा. त्या भारावरून त्यांना २०४, २०६, २०७ आणि २०८ असे ओळखतात, आणि अशा भावंडांना शास्त्रात समस्थानिके म्हणतात. यांपैकी २०४ पृथ्वी घडली तेव्हा जेवढे होते, तेवढेच आजही आहे. उरलेल्या तिघांत मात्र पृथ्वीच्या पोटात सतत भर पडत असते. युरेनियमचे दोन प्रकार आणि थोरियम हे किरणोत्सर्गी धातू झिजत झिजत अखेर शिसेच होतात: एका युरेनियमपासून २०६, दुसऱ्यापासून २०७ आणि थोरियमपासून २०८. या झिजेची गती ठरलेली आहे. पहिले युरेनियम निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, दुसरे सुमारे ७० कोटी वर्षांत निम्मे होते, आणि थोरियमला सुमारे १,४०० कोटी वर्षे लागतात.

आता असे समजा, की भूगर्भातील उष्ण द्रवांनी खडकांतले शिसे विरघळवून घेतले आणि दुसरीकडे एखाद्या भेगेत ते खनिजरूपाने साठवले. शिशाच्या खनिजात युरेनियम आणि थोरियम जवळजवळ नसतातच. त्यामुळे साठा झाला त्या क्षणापासून नवी भर पडणे थांबते आणि चार भावंडांचे परस्परप्रमाण जागच्या जागी गोठते. साठा केव्हा झाला आणि ज्या खडकांतून शिसे आले त्यांत युरेनियम व थोरियम किती होते, यांवर ते प्रमाण अवलंबून असते. म्हणून निरनिराळ्या प्रदेशांतील खाणींच्या शिशाचे प्रमाण निरनिराळे येते. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड नीर यांनी १९३८ साली ही भिन्नता प्रथम काटेकोरपणे मोजून दाखवली. त्यांच्या आकड्यांवरून आर्थर होम्स यांनी १९४६ मध्ये पृथ्वीच्या वयाचे गणित मांडले, आणि पुढे १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांतील शिशाच्या आधारे ते वय ४५५ कोटी वर्षे असे सांगितले. १९६० च्या दशकात हीच युक्ती पुराणवस्तूंना लावण्यास प्रारंभ झाला.

पुराणवस्तूंना ती लागू पडते, कारण या प्रमाणाला आग पुसू शकत नाही. भट्टीत धातुक वितळते, मळी वेगळी होते, रंग जातो, आकार जातो. धातूची लगड होते, लगडीचे भांडे होते, भांड्याची मूर्ती होते. पण चार भावंडांचे प्रमाण खाणीत होते तेच राहते. तांबे, पितळ, काशे, चांदी यांत शिशाचा थोडाफार अंश बहुधा असतोच. तो काढून मोजला, की मूर्ती आपल्या खाणीची साक्ष देऊ लागते. आपल्याकडे शारदा श्रीनिवासन यांनी १९९० च्या दशकात दक्षिण भारतातील शंभराहून अधिक धातुमूर्तींचा असा अभ्यास केला आणि त्यांचे गट व काळ ठरवण्यास त्याचा उपयोग झाला.

तथापि या साक्षीला मर्यादा आहेत, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने त्या साक्षीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की दोन दूरच्या खाणींचे प्रमाण योगायोगाने जुळू शकते. म्हणून हे शास्त्र ‘हा धातू अमुक खाणीचा नव्हे’ असे ठामपणे सांगू शकते. ‘अमुक खाणीचाच’ असे मात्र जपून सांगते. त्याचा नकार निश्चित असतो, होकार सशर्त असतो. दुसरी मर्यादा मिश्रणाची. आमच्या मंडळाची मोठी पितळी समई सभासदांच्या घरच्या मोडीतून ओतून घेतलेली आहे. कुणी आजीचे पातेले दिले, कुणी फुटका तांब्या दिला. त्यांवर कोरलेली नावे भट्टीत गेली. अशा समईतले शिसे मोजले, तर जो आकडा येईल तो सगळ्यांची सरासरी असेल. आणि ती सरासरी कदाचित अशा खाणीकडे बोट दाखवील, जिथले पितळ कुणीच दिले नव्हते. भूमध्य समुद्रात सापडलेल्या प्राचीन तांब्याच्या लगडींवरून १९९० च्या दशकात पाश्चात्त्य विद्वानांत जो कडाक्याचा वाद झाला, त्यात हाच मुद्दा होता.

आता त्या कलासंग्रहाकडे वळू. आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागात बेनिन नावाचे एक बलाढ्य राज्य होते. (याच नावाचा आजचा स्वतंत्र देश वेगळा.) तेथील राजाला ‘ओबा’ म्हणत. त्याच्या पदरचे ओतारी मेणाच्या साच्याने धातू ओतण्यात इतके निष्णात होते, की सोळाव्या-सतराव्या शतकांत त्यांनी घडवलेले राजवाड्याच्या खांबांवरचे शिल्पफलक आणि राजमस्तके आज जगातील श्रेष्ठ धातुशिल्पांत गणली जातात. त्यांना ‘बेनिन ब्राँझ’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यांतील पुष्कळशी पितळेची आहेत. १८९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने राजधानी घेतली, राजवाडा लुटला, ओबाला हद्दपार केले, आणि या कलाकृती हजारोंच्या संख्येने युरोपात नेऊन विकल्या. एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये बेनिनच्या नऊशेंहून अधिक वस्तू आहेत.

एवढे पितळ या राज्यात आले कोठून? पोर्तुगीज व्यापारी पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोहोचले, ते ‘मनिला’ नावाची पितळेची व तांब्याची कडी घेऊन. घोड्याच्या नालाच्या आकाराची ही कडी त्या किनाऱ्यावर चलन म्हणून चालत. मूर्तींचे पितळ याच कड्यांचे असावे, असा तर्क फार दिवसांचा होता. २०२३ साली जर्मनीतील टोबियास स्कोवरोनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुडालेल्या पाच जहाजांतून आणि जमिनीवरच्या तीन ठिकाणांहून मिळालेल्या ६७ कड्यांतील शिसे तपासले. सुरुवातीच्या पोर्तुगीज व्यापारातील कडी आणि बेनिनची शिल्पे यांचे प्रमाण जुळले. आणि ते जुळले जर्मनीतील ऱ्हाइनलँडच्या धातुकांशी. पश्चिम आफ्रिकेच्या राजवाड्यातील राजमस्तकाचे मूळ कोलोन आणि आखेनच्या परिसरातील खाणींत निघाले.

येथवर शास्त्र झाले. पण ही कडी कशाच्या बदल्यात दिली जात? मिरी, हस्तिदंत, कापड यांच्या, आणि माणसांच्याही. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते पाशेको परेरा या पोर्तुगीज दर्यावर्द्याने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, की बेनिनमध्ये युद्धात पकडलेली माणसे आम्ही माणशी बारा ते पंधरा कड्यांना विकत घेतो. बारा ते पंधरा कडी! कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत शोभावी अशी ही नोंद आहे. इतिहासकार असेही सांगतात, की पुढे बेनिनच्या ओबाने पुरुष गुलामांच्या विक्रीला दीर्घकाळ बंदी घातली होती. तेही सांगितले पाहिजे. पण आरंभीचा सौदा झाला तो झाला, आणि त्यातले पितळ ओताऱ्याच्या मुशीत गेले.

आता मूळ कळले. त्याचे करावयाचे काय?

पहिली गोष्ट विचार करण्यासारखी अशी, की हे शोधून काढल्यावर ‘पितळ आमच्या मातीतले, तेव्हा शिल्पे आमची’ असे ऱ्हाइनलँडमधून कुणी म्हटले नाही. उलट, जर्मनीने आपल्या संग्रहालयांतील काही कलाकृती २०२२ च्या डिसेंबरात नायजेरियाला परत केल्या होत्या. समजा, कुणी तसे म्हटले असते, तर आपण हसलो असतो. खाणीने शिसे दिले. मेणावर राजाचा चेहरा कोरला तो ओताऱ्याने. खाण आणि मूर्ती यांच्यामध्ये एक हात आहे, आणि मूर्तीचे मोल त्या हाताचे आहे. पितळेच्या बाबतीत ज्या सहजतेने आपल्याला हे पटते, त्या सहजतेने ते माणसाच्या बाबतीत का पटत नाही? एखाद्याच्या हातून उत्तम काम झालेले समोर दिसत असताना, त्याच्या खाणीचा पत्ता कळेपर्यंत आपला जीव का थाऱ्यावर नसतो? शिवाय शास्त्रज्ञ ज्या संकोचाने ‘बहुधा अमुक खाण’ असे म्हणतो, तो संकोच आपल्या ठायी नसतो. आडनावाच्या एका अक्षरावरून आपण माणसाचा स्वभाव, आहार, बुद्धी आणि पात्रता ठरवून मोकळे होतो. शतकानुशतकांच्या भट्टीत किती घरांची मोड एकत्र झाली आहे, याचा विचारही आपल्याला शिवत नाही.

दुसरी गोष्ट इतकी सोपी नाही. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांच्या वंशजांची एक संघटना २०२२ साली तेथील न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे, की ही शिल्पे ज्या पितळेची आहेत ते आमच्या पूर्वजांची किंमत म्हणून मोजले गेले; म्हणून ती सगळी ओबाच्या वंशाला परत देऊ नका, त्यांत आमचाही वाटा आहे. न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. पण कायद्याने नाकारलेली गोष्ट नीतीने विचारातच घेऊ नये, असे थोडेच आहे? या मागणीला ऱ्हाइनलँडच्या काल्पनिक मागणीसारखे हसता येत नाही. का येत नाही?

मला वाटते, याचे कारण ‘मूळ’ या आपल्या शब्दातच आहे. आपण एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी विचारतो. एक, वस्तू कोठे जन्मली. दुसरी, ती कोणते मोल देऊन हाती आली. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने कुणाला हक्क मिळत नाही आणि कुणाला कलंकही लागत नाही, कारण जन्म हे कुणाचे कृत्य नव्हे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र कृत्य असते, करणारा असतो आणि ज्याच्यावर केले तोही असतो. तिथे ऋण उत्पन्न होते. समस्थानिके फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. शिशाच्या चार भावंडांना खाण आठवते, सौदा आठवत नाही. सौद्याची आठवण माणसाने ठेवावी लागते.

मग या ऋणाची फेड कशी व्हावी? अमुक शिल्पात अमुक माणसाचे मोल आहे, असे कोणतेही यंत्र कधी सांगू शकणार नाही; मुशीत सगळी कडी एक झाली. ज्यांचे ऋण, त्यांची नावेही उरलेली नाहीत. एवढ्यावरून ‘तर मग सोडून द्या’ म्हणावे काय? की ‘मूळ मालकानेच ते कुठे न्यायाने मिळवले होते’ म्हणून लुटीचा माल लुटणाऱ्याकडेच राहू द्यावा? हा दुसरा युक्तिवाद ऐकायला चतुर वाटतो, पण तो चोराचा युक्तिवाद आहे. सोळाव्या शतकातील ओबाचे पाप १८९७ सालच्या लुटीला पुण्य करीत नाही. शिल्पे ज्यांच्या राजवाड्यातून नेली, त्यांच्याकडे ती जावीत हेच योग्य. २०२५ साली नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या, ते उचितच झाले. पण ज्यांच्या हाती ती परत आली, त्यांच्यावर एक काम येते: शिल्पाशेजारी जिथे राजाचे नाव लिहिले आहे, ओताऱ्यांचे कौशल्य वर्णिले आहे, लुटीची तारीख दिली आहे, तिथेच त्या बारा ते पंधरा कड्यांची गोष्टही लिहिण्याचे. ज्या ऋणाची फेड होऊ शकत नाही, त्याची निदान नोंद व्हावी. याने शिल्पाचे सौंदर्य उणे होणार नाही. झाकून ठेवल्याने मात्र पाहणाऱ्याची फसवणूक होईल.

आपल्या परंपरेतही मूळ विचारल्याची एक कथा आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम गौतमाकडे विद्येसाठी गेला तेव्हा गुरूने गोत्र विचारले. सत्यकामाने आईला विचारले होते; जबालेने निःसंकोच सांगितले होते, की तारुण्यात अनेकांची सेवा करीत फिरले, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, तू माझ्या नावाने स्वतःला सत्यकाम जाबाल म्हण. त्याने गुरूपुढे हेच जसेच्या तसे सांगितले. असे सत्य ब्राह्मणावाचून कोण बोलेल, असे म्हणून गौतमाने त्याला समिधा आणावयास पाठवले. गौतमाला जुना शब्द टाकता आला नाही हे खरे. पण त्याने त्या शब्दाचा अर्थ जन्माकडून सत्याकडे वळवला. आणि मला त्याहून मोठी वाटते ती जबाला. तिने आपल्या वचनातला भयाचा अर्थ नाकारला. झाकली मूठ तिने उघडली, आणि मुलाचे काही बिघडले नाही.

तेव्हा आपल्या वाडवडिलांच्या वचनाला मी आता असा अर्थ देऊ इच्छितो: दुसऱ्याचे कूळ शोधू नये, आपल्या हाती जे आहे त्याचे मोल मात्र अवश्य शोधावे. आपण परप्रांतात बसून जे पगार घेतो, ज्या बंगल्यांतून राहतो, ज्या शिक्षणाच्या बळावर इथवर आलो, त्याची किंमत पिढ्यानपिढ्या कोणी कोणी मोजली? कोणाच्या मुलांना शाळेच्या पायरीबाहेर बसावे लागले, म्हणून वर्गात आपल्या आजोबांना ऐसपैस जागा मिळाली? हा प्रश्न मी कधी मंडळात विचारलेला ऐकला नाही. तो विचारला तर उत्तर द्यायला आपल्यालाच उभे राहावे लागेल. म्हणूनच कदाचित तो मागे पडतो आणि ‘मूळचे कुठले?’ हा पुढे येतो.

त्या तरुणाची नंतर दुसरीकडे बदली झाल्याचे कळले. त्याला पत्र लिहावे असे एक-दोनदा मनात आले. पण त्यात लिहावयाचे काय, हे सुचले नाही. दरवर्षी गणपतीत आमची समई लागते. ती उजळताना कुणाच्या घरचे पितळ कुठल्या भागात आहे, असे कुणी विचारीत नाही. विचारून उपयोगही नाही. तिच्याजवळ आता नवीन माणूस आला, की मी त्याला काम काय करता, घर मिळाले का, मुलांच्या शाळेचे काय केले, असे विचारतो. तिसरा प्रश्न ओठांवर येत नाही असे नाही. वर्षानुवर्षांची सवय आहे. ती मोडीत काढायला वेळ लागेल.